टिळकवाडीत बंगले गेले, इमारती आल्या: दोष नेमका कुणाचा?

कौलारू
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात सकाळी बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या क्रॉसवर (म्हणजे आडव्या रस्त्यावर) पाण्याचा टँकर अडकला. मागं शाळेची रिक्षा, पुढं कुणाच्या तरी वास्तुशांतीला आलेली कोल्हापूर पासिंगची गाडी. पाऊण तास कुणी हलेना. तेवढ्या वेळात मी कंपाउंडला टेकून मोजदाद केली. मी शाळेत होतो तेव्हा या क्रॉसवर ११ घरं होती. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, प्रत्येकाच्या दारात आंबा नाहीतर फणस. आज त्यातली ४ उरलीत. बाकी ७ प्लॉटांवर इमारती, सगळ्या मिळून ७० च्या वर फ्लॅट. रस्ता तोच. ड्रेनेजची पाइप तीच. दोन विहिरी बुजवल्या, त्यातल्या एकीच्या जागी आता लिफ्टचा खड्डा आहे. पावसाळाभर त्यात पाणी असतं. विहीरच ती, तिला काय माहीत आपण लिफ्ट झालोय.

बिल्डर म्हणतो परवानगी आहे. ऑफिसात विचारलं तर नियमात बसतं म्हणाले. लोकप्रतिनिधी म्हणतात हे माझ्या आधीचं. फ्लॅटवाले म्हणतात आम्ही पैसे मोजलेत. सगळेच बरोबर असतील तर पाऊण तास अडकलो कसे? दोष नेमका कुणाचा, ते सांगा.

खडेबाजारी
बिल्डरचा. धागा बंद करा.

कुंदा_पार्सल
७० फ्लॅट म्हणजे गणपतीची वर्गणी केवढी जमत असेल ओ!

कौलारू
वर्गणी जमते. मंडप घालायला जागा नाही.

ट्रेसिंग_पेपर
३० वर्षं एका आर्किटेक्टकडं नकाशे काढलो. आता डोळे गेले, म्हणून खरं बोलायला हरकत नाही.

आधी हे समजून घ्या की परवानगी देणारं दार एक नाही. लेआउट आणि शहराचा विकास आराखडा म्हणजे सीडीपी, हे बुडाचं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं काम. १९६१ च्या नगररचना कायद्याखाली ते चालतं. त्या लेआउटमधल्या एका प्लॉटवर इमारत बांधायचा परवाना महानगरपालिकेचा. शेतजमीन असली तर बिनशेती करायला तिसरीकडं. पाणी वेगळं, वीज हेस्कॉमची. प्रत्येकजण आपल्यापुढचा कागद बघतो. एका प्लॉटचा नकाशा तपासताना शेजारच्या सहा प्लॉटांवर काय उभं राहिलंय, ते मिळून किती माणसं होतील, किती सांडपाणी होईल, हे विचारणारा रकानाच फॉर्मवर नाही. बेरीज करणारा माणूस नेमलेलाच नाही. मी ३० वर्षांत बघितलो नाही.

दुसरं. एफएआर, म्हणजे महाराष्ट्रातले एफएसआय म्हणतात ते, प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं माप, रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता रुंद तर बांधकाम जास्त. आता ही रुंदी कुठली? कागदावरची. कागदावर रस्ता ३० फूट, जागेवर २०. मधले १० फूट कुठं गेले ते ज्याचं त्याला माहीत.

तिसरं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर आणि त्यावर गेलेली इमारत म्हणजे उंच इमारत, तिला आगीचे वेगळे नियम. म्हणून बघा, आपल्याकडं जिकडंतिकडं स्टिल्ट (खाली नुसते खांब, पार्किंगला) अधिक चार मजले. १४ मीटर ९० सेंटीमीटरचे नकाशे मी स्वतः काढलोय. नंतर वर गच्चीवर ‘पाण्याच्या टाकीची खोली’ येते. त्या खोलीत बेडरूम आणि बाल्कनीही असते.

खडेबाजारी
म्हणजे बिल्डरचाच की!

ट्रेसिंग_पेपर
नकाशा मी काढलो म्हटलं ना. वाचलास का तू?

आठवा_फ्लॅट
सात प्लॉटांवर ७० म्हणजे एका इमारतीत दहा. आमच्याकडं बरोब्बर ८ आहेत. का, माहितीय? ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ फ्लॅटांपर्यंतचा प्रकल्प असला की रेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. आमच्या इमारतीत नववा फ्लॅट पण आहे. तो कागदावर ‘ऑफिस’ आहे. तिथं एक मावशी राहतात, दोन मांजरं पाळतात.

पुण्यातला_बेळगावकर
वाईट वाटतं वाचून. गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे आपल्या बेळगावला. पंखा नसायचा घरात. आपण महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती, एवढंच म्हणतो.

वडगाव_बासमती
पुण्यात कितव्या मजल्यावर राहताव ओ?

पुण्यातला_बेळगावकर
अठराव्या.

वडगाव_बासमती
पाणी?

पुण्यातला_बेळगावकर
...टँकर.

कुंदा_पार्सल
😂😂 खटला निकाली.

सेटबॅक
सीमाप्रश्न काय घेऊन बसलात. मोठा सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, आमच्या कंपाउंडचा १९९८ पासून. शेजारच्या इमारतीनं तीन मीटर सोडायचे ते एक मीटर सोडले. मी दावा लावला. मूळ सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ ला गेला, माझा त्याआधीचा आहे. कोणाचा आधी लागतो त्यावर आमच्या घरात पैज आहे.

कुंदा_पार्सल
तुमच्यासाठी महाजन आयोग नेमूया.

सेटबॅक
नको, तो कंपाउंडच पलीकडं देऊन टाकील.

जांबोटीची_सून
सगळे मजा करूलालेत, मला थोडं गंभीर बोलायचं आहे. मी अशाच एका इमारतीत राहते. आम्हाला खलनायक करू नका.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. मुलांच्या शाळेसाठी बेळगावात आलो. सासऱ्यांनी थोडी जमीन विकली, आम्ही दोघांनी कर्ज काढलं. टिळकवाडीत बंगला घेणं आमच्या सात पिढ्यांत शक्य नव्हतं. दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला तर नशीब समजलो. बँकेनं कर्ज मंजूर केलं, रजिस्ट्री झाली, मग मला का वाटावं की काही चुकलंय? राहायला आल्यावर तीन वर्षांनी कळलं की इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही. ज्यानं बांधली तो पुढच्या इमारतीला लागलेला. फोन केला तर म्हणाला, ‘वहिनी, बेळगावात कुणाकडं असतंय ओसी?’

तुम्ही म्हणता ११ घरं होती. बरोबर आहे. पण त्या ११ घरांत आम्हाला जागा नव्हती, हेही खरं ना?

कौलारू
जांबोटीची_सून, माझा रोख तुमच्यावर नव्हता. पण तुमचं म्हणणं लागलं.

ट्रेसिंग_पेपर
ताई, बँकेचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टानं १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात तेच सांगितलंय. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागेवर लावा, भोगवटा प्रमाणपत्र बघूनच वीज-पाणी द्या, बँकांनीही ते बघूनच कर्ज द्यावं. त्यानंतर २०२५ मध्ये कर्नाटकभर नव्या मीटरची जोडणी अडकली, बोंब झाली. बोंब कुणी मारली? ज्यांनी फ्लॅट घेतला त्यांनीच. बांधणाऱ्याचं मीटर तात्पुरतं असतं, काम झालं की तो काढून घेऊन जातो.

आठवा_फ्लॅट
आणि त्याच वर्षी बी-खात्याची मोहीम निघाली. म्हणजे अनधिकृत मालमत्तेला कर भरायची नोंद मिळाली. त्याआधी अक्रम-सक्रम, म्हणजे दंड भरून बेकायदा बांधकाम कायदेशीर करायची योजना, होतीच, तिला जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती लागली. माझा मेहुणा तेव्हापासून ‘सक्रम’ व्हायची वाट बघतोय. लग्नाच्या बाबतीतही त्याचं तसंच आहे.

काळा_दिन_पांढरी_टोपी
राजकारण कुणी काढेना म्हणून मी काढतो. महानगरपालिकेची मुदत मार्च २०१९ ला संपली. निवडणूक सप्टेंबर २०२१ ला. महापौर बसला फेब्रुवारी २०२३ मध्ये. मोजा. चार वर्षं सभाच नाही. या काळात किती इमारती उठल्या तुम्हीच आठवा. विचारायचं कुणाला? लोकांचं सभागृह बंद ठेवायचं आणि वर लोकांनाच जाब विचारायचा, असा हा प्रकार.

रामदेव_गल्ली
आणि त्याआधी सभागृह होतं तेव्हा? रागावू नका, मी पण १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरातला. वर्षानुवर्षं आपली मराठी माणसं निवडून गेली, ती कशावर भांडली? ठरावावर, फलकावर, परिपत्रकं मराठीत द्या यावर. ते हक्काचंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण सेटबॅकवर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), ड्रेनेजवर सभा बंद पाडलेली मला तरी आठवत नाही. भाषेच्या भांडणात दोन्हीकडचे पुढारी समोरासमोर बसायचे, आणि बांधकामाच्या धंद्यात शेजारीशेजारी. तिथं कन्नड-मराठी ऐक्य बघायला मिळायचं.

काळा_दिन_पांढरी_टोपी
हे अर्धसत्य आहे. भाषा आणि ड्रेनेज वेगळं कसं करता? आराखड्यावर हरकती मागवल्या जातात त्याची नोटीस कन्नडात. आमच्या वडिलांना वाचता येत नाही. मुदत संपल्यावर कळतं की आपल्या शेतातून रस्ता गेलाय. कागद कळला तर माणूस हरकत घेणार ना?

ट्रेसिंग_पेपर
टोपीसाहेब, तुमचं खरं आहे, कागद समजला पाहिजे. पण नकाशाला भाषा नसते. हिरवा होता तो पिवळा झाला, म्हणजे शेतीचा रहिवासी झाला, हे डोळ्यांना दिसतं. मी वडगाव-अनगोळच्या किती लोकांना टेबलावर नकाशा उघडून दाखवलो. पहिला प्रश्न काय असायचा सांगू? ‘आता गुंठ्याला भाव किती येईल?’

वडगाव_बासमती
हां, आता माझी पाळी. कधीपासून गप बसून वाचूलालो.

तुमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं की धागा निघतो. आमच्या भातात दरवर्षी येतंय. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, सगळीकडचं पाणी येतंय कुठं? बळ्ळारी नाल्यात. नाला आमच्या शिवारातून जातोय. पूर्वी पावसाचं पाणी यायचं, दोन दिवसांत उतरायचं. आता वरचं सगळं काँक्रीट. जमिनीत मुरायचं नाव नाही, एका तासात सगळं खाली. त्यात सांडपाणी मिसळलेलं. नाल्यात गाळ, जलपर्णी, दोन्ही बाजूनं भराव. २०१९ च्या ऑगस्टात शहरातल्या वस्त्या बुडाल्या तेव्हा पेपरात आलं. आमचं शिवार त्याच्या आधीही बुडत होतं, नंतरही बुडतंय. पिकातला माणूस रोपं दोनदा लावतोय. शहापूर-वडगावच्या बासमतीचा वास गल्लीत आला की पाहुणे ओळखायचे कुणाच्या घरी लग्न आहे. आता त्याच शिवारात गेलो की नाकाला रुमाल.

दोष कुणाचा म्हणाल तर आमचाही सांगतो, लपवत नाही. वडगाव, अनगोळ, जुनं बेळगाव, इथली दोन-दोन, तीन-तीन गुंठे जागा बॉन्ड पेपरवर विकली कुणी? आम्हीच. बिनशेती नाही, लेआउट नाही, रस्ता सोडलेला नाही. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, नाल्यानं बुडवलेलं वर्ष, कारणं खरी होती. बायपास, रिंगरोड म्हणत जमीन जाणारच असं दिसलं की माणूस आधीच विकून मोकळा होतो. ज्यांनी घेतली तीही गरीबच. पण घर बांधल्यावर ते म्हणतात गटार द्या. गटार कुठून काढायची, माझ्या डोक्यावरून?

पुण्यातला_बेळगावकर
+१. नाल्याचं मला ठाऊकच नव्हतं.

कुंदा_पार्सल
थोडं विषयांतर. शिवजयंतीचा चित्ररथ आमच्या गल्लीतून आता जात नाही. एका बाजूला बाल्कनी पुढं आलीय, दुसऱ्या बाजूला जनरेटर. गेल्या वर्षी अफझलखान वाकून गेला.

निपाणीचा_बंड्या
आमच्या निपाणीतही हेच सुरू आहे, फक्त तंबाखूच्या वखारी पाडून. वखारीच्या जागी कॉम्प्लेक्स, खाली गाळे, वर फ्लॅट. नव्या फ्लॅटात राहणाऱ्यांना म्हणे अजून पावसाळ्यात तंबाखूचा वास येतो. बिल्डर त्याला ‘हेरिटेज’ म्हणतो.

राकसकोप_मीटर
पाण्याबद्दल कुणी नीट बोललं नाही. शहराला पाणी दोन ठिकाणचं, राकसकोप आणि हिडकल. २००८ ला १० वॉर्डांत २४ तास पाणी सुरू झालं तेव्हा बाहेरगावची माणसं बघायला यायची. आता त्याच शहरात माणूस फ्लॅट बघायला गेला की आधी विचारतो संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, किती लिटरचा. २०११ च्या जनगणनेत शहर पाच लाखांच्या जरा आत होतं. त्यानंतर जनगणनाच नाही. किती माणसांसाठी पाइप टाकायची हे अंदाजानंच चाललंय. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत आपण जानेवारी २०१६ मध्ये होतो. त्यातून रस्ते झाले, पदपथ झाले. त्याच पदपथावर आता फ्लॅटवाल्यांच्या दुसऱ्या गाड्या उभ्या असतात.

जांबोटीची_सून
पहिल्या पण. स्टिल्टमध्ये दुकान काढलंय ना.

चौथी_बहीण
मी सहसा लिहीत नाही. पण सगळ्यांनी बिल्डर, बुडा, नगरसेवक, शेतकरी सगळ्यांना धरलं, आणि त्या ११ घरांतल्या माणसांना कुणी काही विचारलं नाही. म्हणून लिहिते. आमचं घर असंच एक होतं, तुमच्या क्रॉसवरचं नाही, पण फार लांबही नाही.

घर आजोबांचं. आम्ही भावंडं पाच, दोन भाऊ आणि तीन बहिणी. चुलत बहिणी धरून मी चौथी, म्हणून हे नाव. कर्नाटकात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क १९९४ मध्येच मिळाला, सगळ्या देशाला २००५ मध्ये. पण १९९४ च्या कायद्यात लग्न आधी झालेल्यांना तो नव्हता. माझं लग्न १९९६ चं, त्यामुळं मी त्यात बसले. थोरलीचं १९८९ चं, ती त्या कायद्यात बसत नव्हती. भावांनी तरीही तिला सारखाच वाटा दिला. त्याबद्दल आजही मी त्यांना हात जोडते.

पण वाटा द्यायचा म्हणजे काय द्यायचं? साडेपाच हजार चौरस फुटांचा प्लॉट, मधोमध घर. स्वयंपाकघर कुणाला, ओसरी कुणाला? एक भाऊ बंगळूरला, एक इथं. इथल्याची ऐपत नव्हती बाकीच्यांचे वाटे विकत घ्यायची. घराचे पाच तुकडे होत नाहीत. फ्लॅटचे होतात. बिल्डर जेडीचा (जॉइंट डेव्हलपमेंट, जागा आमची आणि बांधकाम त्याचं) कागद घेऊन आला तेव्हा तो आम्हाला राक्षस वाटला नाही हो, पंच वाटला. बारा फ्लॅट, सहा त्याचे, सहा आमचे. पाच भावंडांना पाच, आणि सहावा भाड्यानं देऊन आईचं औषधपाणी. त्यानं सांगितलं, ‘आणखी एक मजला चढवला तर तुम्हाला आणखी एक येतो.’ आम्ही नको म्हटलं नाही. नकाशात तो मजला आहे का, हे आम्ही पाचजणांपैकी एकानंही विचारलं नाही. दोघं शिक्षक आहोत त्यातले.

आंबा तोडला त्या दिवशी मी तिथं होते. आई आत बसून होती. ती एवढंच म्हणाली, ‘लाकूड तरी कुणी फुकट नेऊ नका.’

खडेबाजारी
ताई, काय बोलावं कळेना.

सेटबॅक
हे सगळं खरं, पण त्या वरच्या मजल्याची सावली ज्याच्या अंगणात पडते त्याला वाटा कोण देतो? माझ्या तुळशीला डिसेंबरपासून ऊन नाही. वारसांचा निकाल लागला, शेजाऱ्यांचा लागला नाही.

चौथी_बहीण
त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या शेजारच्या काकू आता आमच्याशी बोलत नाहीत.

काळा_दिन_पांढरी_टोपी
कॅम्पातले बंगले बघा, अजून तसेच आहेत. लष्कराची हद्द. तिथं कुणी नियमाशी खेळत नाही.

आठवा_फ्लॅट
तिथं तुमची-माझी वडिलोपार्जित वाटणी पण नाही.

कौलारू
चार दिवस लिहिलं नाही, माफ करा. चौथी_बहीण यांचं वाचून लिहायचं धाडस झालं नाही. उरलेल्या ४ घरांतलं एक आमचं. वडील आणि त्यांचे तीन भाऊ मिळून मालक. धाकटे काका मे महिन्यात येऊन गेले, जाताना एक फाइल ठेवून गेले. ती अजून टीव्हीच्या खाली आहे. बाबा रोज तिच्यावर पेपर ठेवतात, म्हणजे दिसू नये. दोष कुणाचा हे विचारताना ती फाइल मी तुम्हाला सांगितली नाही.

ट्रेसिंग_पेपर
सांगितलास ते बरं झालं. आता एक काम कर. सही करा, करू नका, तुमचं तुम्ही बघा. पण आधी रस्ता मोज. टेप घे, तुमच्या गेटपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत धर. कागदावरची रुंदी किती लिहिलीय ते फाइलमध्ये बघ. बाबा आणि काका, चौघा भावांनी मिळून एकच अट घाला, जागेवर आहे त्या रुंदीवर जेवढा एफएआर बसतो तेवढंच बांधायचं. किती बिल्डर थांबतात बघ.

वडगाव_बासमती
आणि पावसाचं पाणी तुमच्याच विहिरीत सोडा. बुजवू नका. तेवढं तरी आमच्याकडं कमी येईल.

कौलारू
आज सकाळी मोजलो (बघा, मी पण ‘मोजलो’ लिहिलं). फाइलमध्ये रस्ता ३० फूट. जागेवर १९ फूट ४ इंच. बाबा गेटात उभे राहून बघत होते. टेप गुंडाळताना म्हणाले, ‘यातले साडेतीन फूट तुझ्या आजोबांचे. कंपाउंड नवं घातलं तेव्हा जास्वंदीसाठी पुढं घेतलेलं. समोरच्यांनी बघितलं, मग त्यांनीही घेतलं.’

जास्वंद अजून आहे.

सेटबॅक
तुमच्या आजोबांचा आणि माझ्या शेजाऱ्याचा फोटो शेजारीशेजारी लावतो.

जांबोटीची_सून
कौलारू, त्या टँकरवाल्याचा नंबर असेल तर द्या ना. आमच्याकडं तीन दिवस पाणी नाही.